आहाराचा धडा शाळेच्या चुलीपाशी शिकवा : रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग.

विषय : प्राथमिक शाळांतील आहारशिक्षण शालेय पोषण आहाराशी आणि कोकणातील अन्नाशी जोडण्याबाबत.

महोदय / महोदया,

राजापूर तालुक्यातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी पालक सदस्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समित्यांत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, त्या झेंडावंदनाच्या दिवशी खुर्च्या भरण्यापुरत्या नसाव्यात, असे धरून हे पत्र लिहीत आहे. मागणी एकच आहे. मुलांना आहाराविषयी जे काही शिकवायचे, ते शाळेत रोज शिजणाऱ्या जेवणावरून आणि आपल्या जिल्ह्यांत पिकणाऱ्या व मिळणाऱ्या अन्नावरून शिकवावे, आणि त्यासाठी येत्या जूनपासून आठवड्यातून एक तासिका ठरवून द्यावी.

आज अन्नाचा विषय शाळेत दोन ठिकाणी येतो आणि या दोन ठिकाणांची एकमेकांशी ओळख नसते. वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे यांची नावे पाठ होतात. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात खिचडी किंवा भात-आमटी वाढली जाते, ती खाऊन मुले थाळ्या धुतात आणि पुन्हा वर्गात जाऊन बसतात. आपण नुकतेच जे जेवलो त्यात सकाळच्या धड्यातले काय होते, हे त्यांना कोणी विचारत नाही. चाचणीत प्रश्न येतो, ‘लोह कोणत्या पदार्थांतून मिळते?’ मूल लिहिते, ‘पालक, बीट, सफरचंद’, आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. यातला पालक आमच्या आठवडाबाजारात कोल्हापूर-बेळगावच्या गाड्यांतून येतो, तोही दोन दिवसांचा शिळा. सफरचंदात लोह नावापुरते असते. त्याच मुलाने आदल्या रात्री कुळथाची पिठी खाल्लेली असते, श्रावणात आईने बांधावरून खुडून आणलेल्या टाकळ्याची भाजी खाल्लेली असते, पण उत्तरपत्रिकेत या दोन्हींना जागा नसते. पुस्तकात लिहिले जाते तेच पौष्टिक आणि घरी शिजते ते नुसते पोट भरण्यासाठी, एवढे मात्र मूल यातून न सांगता शिकते.

पाठ्यपुस्तक राज्यभरासाठी तयार होते, त्यामुळे त्यात गुहागरचा टाकळा आणि मेळघाटची कुटकी हे भरड धान्य यांना एकाच पानावर बसवणे अवघड आहे, हे मला कळते. तो दोष बालभारतीवर टाकण्याचे कारण नाही. परिसर अभ्यास या विषयाच्या नावातच परिसर आहे आणि तो वर्गात आणण्याचे काम जिल्ह्याचे आहे. म्हणूनच पत्र पुण्याला न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

आता चुलीकडे येते. १९९५ साली सुरू झालेली आणि २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणारी ही शालेय पोषण आहार योजना म्हणजे आहारशिक्षणाची तयार प्रयोगशाळा आहे. तिचे प्रमाण ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, म्हणजे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल, म्हणजे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. हे आकडे शाळेच्या दप्तरात असतात, क्वचित भिंतीवरही रंगवलेले असतात, पण २० ग्रॅम डाळ म्हणजे हातात किती येते, हे मुलांना माहीत नसते, आणि खरे सांगायचे तर आम्हा पालकांनाही नसते.

एके दिवशी चौथीच्या मुलांना स्वयंपाकघरात न्यावे आणि तराजूच्या एका पारड्यात २० ग्रॅमचे वजन टाकून दुसऱ्यात मुगाची डाळ टाकायला सांगावी. ती डाळ लहान मुलाच्या ओंजळीच्या तळाशी राहते. मग शाळेचा पट ३४ असेल तर आज किती डाळ लागेल, हा गुणाकार फळ्यावर करावा : ६८० ग्रॅम. भाजी १ किलो ७०० ग्रॅम. तेल १७० ग्रॅम. त्यानंतर मुलांनी पातेल्यात वाकून पाहावे. गणित, परिसर अभ्यास आणि आहार असे तिन्ही विषय एका तासात होतात आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही. हा हिशेब मुलांना जमू लागला की काही अडचणीचे प्रश्न येतील, याची मला कल्पना आहे. पावणेदोन किलो भाजी लागते तर आज दोन बटाटे आणि चार टोमॅटोच का, असे एखादी चौथीतली मुलगी विचारील. तिला गप्प बसवू नये, अशी सूचना आपल्याकडून गेली पाहिजे. उत्तर बहुतेक वेळा असे असते की इंधन आणि भाजीपाल्याचे अनुदान उशिरा येते आणि तोवर मुख्याध्यापक पदरमोड करीत असतात. हे उत्तरही मुलांना कळायला हरकत नाही. जेवण वाढण्याआधी शिक्षकांनी व पालकांनी चव घेऊन ती नोंदवहीत लिहायची असते. त्या वहीत पानोपानी ‘चव चांगली’ एवढेच शब्द असतात. त्याच वहीत आठवड्यातून एकदा पाचवीच्या मुलांनी आजच्या जेवणात कोणती भाजी होती आणि ती अंदाजे किती होती, हे आपल्या अक्षरात लिहिले, तर ती वही वाचण्यासारखी होईल.

तांदूळ आणि इतर धान्यादी माल वरून येतो, त्यात शाळेला फारसे ठरवता येत नाही. भाजी मात्र शाळेच्या हातात असते, आणि आपल्याकडे भाजीचे दारिद्र्य नाही. आपल्याला भाज्यांचे नियोजन जमलेले नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, अळू. गणपतीच्या आगेमागे पडवळ, दोडकी, भेंडी, लाल भोपळा. थंडीत लाल माठ, मुळा, चवळी, वालाच्या शेंगा. मार्चपासून कुयरीच्या भाजीने सुरू होऊन मे महिन्यातल्या आठळ्यांपर्यंत फणस. शेवगा तर जवळजवळ वर्षभर. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेगलाची भाजी घरोघरी होते. शेगलाच्या म्हणजे शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम, लोह आणि शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व होते ते कॅरोटीन भरपूर असते. वर्षातून एकदा देवाच्या नावाने खाल्ली जाणारी ही भाजी शाळेच्या आमटीत दर आठवड्याला मूठभर का पडू नये? शेवग्याची फांदी लावली तरी झाड होते आणि कुंपणाला लावलेल्या दोन झाडांवर लहान शाळेचे भागते. हात धुण्याच्या नळाचे पाणी जिथे जाते तिथे अळू आणि केळ आपोआप माजतात. परसबागांच्या स्पर्धा होतात, फोटो वरिष्ठांकडे जातात, परंतु आपल्या कातळावर एप्रिल-मेमध्ये वाफे जगत नाहीत, हे लक्षात घेऊन आखलेली परसबाग मी क्वचितच पाहिली आहे. लांज्याचे आणि किर्लोसचे कृषी विज्ञान केंद्र व दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ यांच्याकडून तालुकावार भाज्यांचे महिनेवारी वेळापत्रक करून घेणे आपल्याला एका पत्राने शक्य आहे.

रानभाज्यांबाबत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ओळख पक्की असलेल्या माणसाशिवाय त्या शाळेत शिजवू नयेत, आणि शेवळांसारखी भाजी तर काकडांच्या आंबट फळांशिवाय घशाला इतकी खाजते की मुले पुन्हा तिच्या वाटेला जाणार नाहीत. मात्र यातही शिकवण्यासारखे बरेच आहे. अळू का खाजतो आणि चिंच-कोकमाने का शमतो, या प्रश्नाचे उत्तर कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांपाशी जाते. आठवीच्या मुलाला विज्ञानाचा हा धडा आपल्या आजीच्या हातून मिळू शकतो.

आमच्या भागातले अन्न सगळेच उत्तम आहे आणि बाहेरून आले ते वाईट, असा माझा दावा नाही. तसे शिकवले तर ते आहारशिक्षण राहणार नाही, प्रांताभिमान होईल. कोकणातल्या ताटात भाताचा डोंगर असतो आणि डाळ व भाजी त्याच्या पायथ्याशी. सुकी मासळी, लोणचे, पापड, सांडगी मिरची यांतून मीठ फार जाते. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मुलांना त्याहूनही कमी लागते. अमृतकोकम हे घरचे म्हणून आपण निर्धास्त पाजतो, पण ते मुख्यतः साखरेच्या पाकात बांधलेले असते. कोकमाच्या आगळात म्हणजे खारवलेल्या रसात साखर नसते, तर मीठ असते. हे दोन्ही मुलांना सांगितले पाहिजे, आणि त्याच बरोबरीने उकड्या तांदळाची महतीही. भात सालासकट उकडल्यामुळे कोंड्यालगतचे ब जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि भरडताना ते सगळे वाया जात नाही. त्यातून पेज पाण्यासकट प्यायली जाते, त्यामुळे पाण्यात उतरलेलेही पोटात जाते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. मोड आणून किंवा आंबवून घेतली की त्यातली खनिजे अंगी अधिक लागतात, आणि आपल्या आंबिलीत हेच होते. कुळथात शंभर ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात. भाताच्या प्रथिनात जे कमी पडते ते कडधान्य भरून काढते, म्हणून पिठी-भात ही गरिबाची तडजोड म्हणून शिकवण्याची गोष्ट नाही. तारली, बांगडा यांच्या तेलातले गुण, काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतले कॅल्शियम, हेही धड्यात आले पाहिजे. शाळेत मासे शिजवा, असे मी म्हणत नाही. पण किनाऱ्यावरच्या खारवी-दालदी मच्छीमारांच्या मुलांच्या वर्गात प्रथिनांच्या यादीत पनीर असावे आणि बांगडा नसावा, हे बरे दिसत नाही.

याच ओघात अंड्यांविषयी स्पष्ट लिहिते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे किंवा फळ, देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद झाला आणि लोकसहभागातून जमेल तर करा, असे सांगण्यात आले. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे पहिली ते पाचवीच्या दिवसाच्या प्रमाणाचा निम्मा भाग. ज्या वाडीत कर्ती माणसे मुंबईला आणि मागे म्हातारे आणि मुले, तिथे लोकसहभाग म्हणजे पुन्हा तेच चार चाकरमानी आणि तीच वर्गणीची वही. हा निर्णय आपल्या हातातला नाही, पण त्याचे परिणाम आपल्या शाळांत काय झाले ते वर कळवणे आपल्या हातात आहे.

सगळ्यांत तातडीचा विषय लोहाच्या गोळ्यांचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. शाळेत दर आठवड्याला लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी गोळी दिली जाते, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी दिली जाते. गोळी दिल्याची नोंद चोख असते, पण गोळी का, हे सांगितलेले नसते. शौचाला काळे झाले की मुले घाबरतात, मळमळले की गोळी चिंचेच्या झाडाखाली जाते. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होणारच आणि त्यात भिण्यासारखे काही नाही, गोळी जेवल्यानंतर घ्यावी, पुढचा तास-दोन तास चहा पिऊ नये कारण चहातले टॅनिन लोह शोषू देत नाही, आणि पालेभाजीवर लिंबू पिळले किंवा बरोबर आवळा खाल्ला की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे तेच लोह अधिक अंगी लागते : एवढे चार मुद्दे सांगायला दहा मिनिटे लागतात. चहाचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण वाडीवरून दोन-अडीच किलोमीटर चालत येणारी कितीतरी मुले सकाळी चहा-खारी किंवा चहा-बटर एवढ्यावर निघतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत न्याहारी द्यावी असे म्हटले आहे, आणि गरम जेवण शक्य नसेल तिथे गूळ घालून शेंगदाणे किंवा चणे व स्थानिक फळे द्यावीत, असेही. न्याहारी येईल तेव्हा येवो. तोवर ‘सकाळी काय खाऊन आलास?’ हा प्रश्न हजेरीनंतर प्रेमाने विचारला जावा, एवढे तरी शक्य आहे.

पाच रुपयांच्या पाकिटांबद्दल पुष्कळ बोलले जाते, म्हणून थोडक्यात लिहिते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार मेद, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कोणत्याही दिशेने ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. आमच्याकडे शाळा आणि वाडीतले एकमेव दुकान यांत कित्येकदा रस्त्याचीच रुंदी असते आणि दुकानदार शाळेतल्याच कोणाचा तरी काका असतो. तिथे दंडाची भाषा चालणार नाही. पाकिटावरचे वाचायला शिकवणे मात्र चालेल. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिल्या तीन नावांत पामतेल किंवा साखर आली की काय ते समजते. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. कोलापेयात १०० मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत सहा चमचे. सहावीच्या मुलांना रिकामी पाकिटे आणायला सांगून हे गणित करून घ्यावे. मुंबईहून येणारी पाहुणे मंडळी खाऊच्या पिशवीत काय आणतात, याचाही हिशेब मग घरोघरी होईल, आणि तो कोणाला फारसा गोड लागणार नाही.

शिकवण्याच्या रीतीबद्दल एक आग्रह आहे. कोणाच्या डब्यावर वर्गात शेरा मारला जाऊ नये. सुकटीचा वास येतो म्हणून मुलाला वेगळे बसवणे, ‘तुझ्या घरी रोज भाकरीच का?’ असे विचारणे, आरोग्य तपासणीत आलेले वजन सर्वांसमोर मोठ्याने वाचणे, हे प्रकार आजही होतात. ज्या मुलीला बाराव्या वर्षी ‘जाडी’ म्हणून हसले जाते, ती आहाराबद्दल शिकत नाही, जेवण टाळायला शिकते. वजन-उंचीचा आकडा त्या मुलापुरता आणि त्याच्या पालकांपुरता राहावा, अशी लेखी सूचना प्रत्येक शाळेला जावी.

हे सगळे शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक काम म्हणून टाकले, तर ते महिनाभरात कागदावर उरेल. एक किंवा दोन शिक्षकी शाळांत ऑनलाइन माहिती भरण्यातच दिवस जातो, हे आम्ही पाहतो. म्हणून या तासिकेसाठी नवे ॲप, नवा तक्ता, फोटो अपलोड यांतले काहीही नको. स्वयंपाकी आणि मदतनीस ताईंना महिन्यातून एकदा वर्गात बोलवावे, आणि कुळीथ कसा भिजवायचा, शेगल कधी खुडायचा, डाळ किती पाण्यात शिजते हे त्यांनी शिकवावे. तुटपुंज्या मानधनावर धुरात उभ्या राहणाऱ्या या बायकांना मुलांनी शिक्षिकेच्या जागी पाहिले तर चांगलेच आहे, मात्र त्या तासाचे वेगळे पैसे त्यांना मिळावेत. जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून ते अशक्य नसावे. शिक्षकांसाठी केंद्रस्तरीय, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेतले एक सत्र पुरेल, आणि ते एखाद्या अंगणवाडी सेविकेने व आरोग्यसेविकेने मिळून घेतले तरी चालेल.

दोन्ही जिल्ह्यांत सर्व शाळांना एकदम आदेश देण्यापेक्षा प्रत्येक तालुक्यातील एका केंद्रापासून सुरुवात करावी, असे सुचवते. निवडलेल्या शाळांत किनाऱ्यालगतच्याही असाव्यात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्याही, कारण मालवणच्या मुलाचे ताट आणि वैभववाडीच्या मुलाचे ताट एक नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी त्या शाळांच्या चव नोंदवह्या आपण स्वतः मागवून पाहाव्यात.

आमच्या समितीच्या जूनमधील पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ही तासिका घेतली आहे. तोपर्यंत आपले लेखी मार्गदर्शन मिळाल्यास ते वाचून ठराव करता येईल. न मिळाल्यास शनिवारची शेवटची तासिका मुख्याध्यापकांच्या संमतीने यासाठी वापरण्याचा ठराव आम्ही करणार आहोत आणि त्याची प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवू. पहिल्या शनिवारी मूग तोलायचे आहेत. तराजू रास्त भाव दुकानदाराने द्यायचे कबूल केले आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
शाळा व्यवस्थापन समितीची एक पालक सदस्य,
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी